शेळीची साक्ष

मराठी भाषेंत शेळीच्या वांट्यास फारशी प्रतिष्ठा आलेली नाहीं. भित्र्या मनुष्याला आम्ही शेळी म्हणतों. शेळी जिवानिशीं जाते आणि खाणारा तिला वातड म्हणतो, ही म्हण तर घरोघरीं ठाऊक आहे. आणि प्रत्यक्ष स्थळीं न जातां दुरूनच कारभार करणाऱ्या गृहस्थाला उंटावरून शेळ्या हांकणारा असें नांव मिळतें. या शेवटच्या म्हणींत थट्टा आहे ती हांकणाऱ्याची, शेळीची नव्हे. आणि प्रस्तुत लेखाच्या विषयाशीं तिचा संबंध पुष्कळच जवळचा आहे. गेल्या दीड-दोनशें वर्षांत शेळ्यांसंबंधीं निरनिराळ्या सरकारांनीं कायदे केले, बंदी घातली, दंड बसविले. या सर्वांच्या मुळाशीं आरोप एकच होता, कीं शेळी रान खाते. परंतु ती रानांतलें नेमकें काय खाते, किती खाते, आणि खाल्लेल्यापैकीं तिच्या अंगीं काय लागतें, हें विचारण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली. ज्यांनीं ती घेतली, त्यांना उत्तर सांपडलें तें शेळीच्या लेंड्यांत. त्या शोधाचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

विषय ऐकून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या कपाळाला आंठी पडेल. पण थोडा विचार केला तर यांत नवें असें कांहींच नाहीं. तान्ह्या मुलाची शी पाहून त्याला काय बाधलें हें घरांतली आजी सांगते, आणि मलपरीक्षा केल्यावांचून जुना वैद्य औषधाची पुडी बांधीत नसे. शेळीच्या आहाराकडेहि आपल्या वैद्यांचें लक्ष फार पूर्वींच गेलें होतें. शेळीचें दूध हलकें कां, याचें कारण वाग्भटानें अष्टांगहृदयांत दिलें आहे: ती पाणी थोडें पिते, हिंडते फार, आणि तिखट व कडू वनस्पति खाते. म्हणजे जनावराच्या पोटांत काय जातें यावर त्याच्यापासून काय मिळणार हें अवलंबून असतें, हें तत्त्व आपणांकडे मान्य होतें. उणीव होती ती मोजमापाची.

आधीं आरोप काय होता तें पाहूं. तो अगदींच निराधार होता असें म्हणतां येत नाहीं. अटलांटिक महासागरांतील सेंट हेलेना बेटावर १५०२ सालीं शेळ्या सोडण्यांत आल्या. १८३६ सालीं डार्विन तेथें उतरला, तेव्हां त्या बेटाची हकीकत त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली. एके काळीं झाडांनीं भरलेली जमीन उघडी पडली होती. कारण जुनीं झाडें वयोमानानें मेलीं आणि त्यांच्या जागीं येणारीं कोवळीं रोपें शेळ्यांनीं व डुकरांनीं खाऊन टाकलीं. मोकाट जनावरें मारून टाकण्याचा हुकूम १७३१ सालीं निघाला, पण तोंपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. असलीं उदाहरणें डोळ्यांपुढें असतां वनाधिकाऱ्यांनीं शेळीकडे संशयानें पाहिलें, यांत नवल नाहीं.

परंतु निर्जन बेटावर पिढ्यान् पिढ्या मोकाट वाढलेली शेळी आणि राखणाऱ्याच्या काठीपुढें सकाळीं जाऊन संध्याकाळीं परतणारी शेळी, यांत फरक आहे. तो फरक कायद्यांनीं फारसा केला नाहीं. हिंदुस्थानांत १८७८ च्या जंगलकायद्यानें राखीव रानांत परवानगीवांचून जनावरें चारणें हा गुन्हा ठरला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १८८३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. एकदोन गाई आणि दोनचार शेळ्या पाळून, रानचा पाला व फळफळावळ यांवर कसाबसा निर्वाह करणाऱ्या लहान शेतकऱ्याला जंगलखात्यानें कसें उघडें पाडलें, याची तक्रार त्या ग्रंथांत आहे. राज्य बदललें तरी दृष्टि एकदम बदलली नाहीं. १९५२ सालीं ठरलेल्या राष्ट्रीय वनधोरणांतहि मेंढीपेक्षां शेळीवरच अधिक कटाक्ष दिसून येतो. भूमध्यसमुद्राच्या कांठीं इस्राएलांत १९५० सालीं शेळ्यांपासून झाडाझुडपांचें रक्षण करण्यासाठीं निराळा कायदाच झाला. लोक त्याला 'काळ्या शेळीचा कायदा' म्हणूं लागले. आणि ही काळी शेळी मुख्यतः अरब व बदाऊन लोकांच्या दारीं असल्यामुळें त्याचा भार कोणावर पडला हें सांगावयास नकोच. या सर्व ठिकाणीं फिर्यादी होते, न्यायाधीश होते, शिक्षाहि झाली. प्रत्यक्ष पुरावा मात्र कोणीं फारसा गोळा केला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं शेळी काय खाते हें पाहण्यास डोळे पुरेसे आहेत. ज्यानें एक दिवस शेळ्यांमागें काढला असेल तो असें म्हणणार नाहीं. गाय जिभेनें गवताचा जुडगा ओढून घेते, त्यामुळें तिचें खाणें ढोबळ असतें. शेळीचा वरचा ओंठ बोटासारखा हालतो. कांटेरी फांदीवरील दोन कांट्यांमधलें पान ती अचूक उचलते. एका झुडपाचीं चार पानें, दुसऱ्याची एक शेंग, खालचें थोडें गवत, मग मागच्या पायांवर उभें राहून वरचा शेंडा, अशी तिची रीत. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे गवत खाणारे, निवडक पालाच खाणारे आणि या दोहोंच्या मधले असे तीन वर्ग जर्मन शास्त्रज्ञ राइनहोल्ड हॉफमन यानें पाडले. १९८९ च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधांत शेळी मधल्या वर्गांत बसविली आहे. ऋतु पालटला कीं ती आपला आहारहि पालटते. अशा जनावराच्या चराईच्या जागेंतून आपण विळ्यानें कापून आणलेला चारा आणि तिनें स्वतः निवडून खाल्लेला चारा, हे दोन कधींच सारखे नसतात. तिचा चारा आपल्या चाऱ्यापेक्षां बहुधा सरसच असतो.

गोठ्यांत बांधलेल्या जनावराची गोष्ट सोपी होती, आणि शास्त्राचा आरंभहि गोठ्यांतच झाला. जर्मनींत गॉटिंगेन शहराजवळ वेंडे नांवाच्या ठिकाणीं १८६० च्या सुमारास हेनेबर्ग व श्टोमान या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं चाऱ्याचें पृथक्करण करण्याची एक ठराविक पद्धति बसविली. प्रथिन, स्निग्धांश, चोथा, राख असे चाऱ्याचे भाग पाडावयाचे, आणि जनावराच्या पुढें टाकलेला चारा व मागें पडलेलें शेण हीं दोन्हीं तोलून तेच भाग दोहोंत मोजावयाचे. हजार ग्रॅम सुका चारा पोटांत गेला आणि चारशें ग्रॅम सुकें शेण बाहेर आलें, तर सहाशें ग्रॅम पचला. म्हणजे पचनीयता शेंकडा साठ. घरखर्चाच्या वहींत जमा व शिल्लक ठाऊक असली म्हणजे खर्च आपोआप कळतो, तसाच हा हिशेब आहे. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत योहान क्येलदाल यानें पदार्थांतील नत्र मोजण्याची सोपी रीति शोधून काढली. त्याला तपासावयाचें होतें दारूच्या भट्टींत लागणारें धान्य; पण त्याच्या रीतीनें शेणांतील नत्र मोजणेंहि हातचा मळ होऊन बसलें. प्रथिनांत शेंकडा सुमारें सोळा भाग नत्र असतें, म्हणून नत्राला सव्वासहांनीं गुणिलें कीं प्रथिनाचा अंदाज निघतो. हें गणित आजहि चालू आहे.

पण दावें सोडून जनावर रानांत शिरलें कीं जमेची बाजूच हरवते. किती खाल्लें हें ठाऊक नाहीं, काय खाल्लें हेंहि ठाऊक नाहीं. हातीं उरतें तें फक्त मागें पडलेलें शेण. एवढ्यावरून उलट हिशेब करतां येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास पुढें आला. न्यूझीलंडमध्यें लँकेस्टर यानें १९४९ सालीं 'नेचर' या शास्त्रीय पत्रांत त्याचें एक सुटसुटीत उत्तर दिलें. त्याच्या म्हणण्याचें मर्म असें. जनावरानें खाल्लेल्या दर शेरामागें शेणांतून बाहेर पडणारें नत्र जवळजवळ ठराविक असतें. कारण त्यांतील बराचसा भाग चाऱ्याचा नसून कोठ्यांतल्या सूक्ष्मजंतूंच्या शरीरांचा व आंतड्याच्या झिजेचा असतो. आतां चारा चांगला पचणारा असेल तर शेण थोडें पडेल, आणि तेंच नत्र थोड्या शेणांत दाटून राहील. चारा निकस असेल तर शेण पुष्कळ, आणि नत्र त्यांत विरळ. आमटींत मीठ तेवढेंच असलें तरी ती आटली कीं खारट लागते, त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां शेणांतील नत्राचें प्रमाण पाहून चाऱ्याचा कस ओळखावा, अशी ही युक्ति होती.

गवतावर चरणाऱ्या गाईमेंढ्यांच्या बाबतींत ही युक्ति पुष्कळच उपयोगी पडली. रानटी हरिणांचा अभ्यास करणाऱ्यांनीं तर ती आनंदानें उचलली, कारण ज्या जनावराला हात लावतां येत नाहीं त्याचेंहि शेण गोळा करतां येतें. परंतु शेळीपाशीं येतांच साक्षीदार फितूर झाला. शेळी नुसतें गवत खात नाहीं; ती पाला खाते, आणि झाडाझुडपांच्या पाल्यांत तुरट द्रव्य असतें. शास्त्रज्ञ त्याला टॅनिन म्हणतात. आपल्याकडील चांभार व ढोर हे कातडें कमावण्यासाठीं बाभळीची साल व हिरडा वापरीत आले, तो याच द्रव्यासाठीं. तें प्रथिनाला घट्ट धरून बसतें. कातड्यांतील प्रथिनाला धरलें कीं कातडें कुजत नाहीं, आणि चाऱ्यांतील प्रथिनाला धरलें कीं तें पचत नाहीं. न पचलेलें तें प्रथिन जसेंच्या तसें लेंड्यांतून बाहेर पडतें. मग लेंड्यांत नत्र भरपूर दिसतें, आणि रसायनशाळेंतला मनुष्य म्हणतो कीं शेळी सुखांत आहे. इकडे शेळी मात्र भरल्या पोटीं उपाशी असते.

या दोषावरून वाद माजला. अमेरिकेंत लेस्ली व स्टार्की यांनीं १९८५ सालीं हरिणांसाठीं शेणांतील नत्राच्या मोजमापाचा पुरस्कार केला. १९८७ सालीं हॉब्स यानें या सर्व निशाण्यांची कठोर चिकित्सा करून त्यांच्या वापरांतले धोके दाखविले, आणि मूळ लेखकांनीं त्याला उत्तर दिलें. १९९२ सालीं न्यूनियेझ-एर्नांदेझ व त्याचे सहकारी यांनीं गाई व शेळ्या या दोहोंवर प्रयोग करून शेणांतील कोणकोणत्या खुणांवर किती भिस्त ठेवावी याची तपासणी प्रसिद्ध केली. या वादांतून निष्पन्न झालें तें एवढेंच, कीं एकाच खुणेवर निकाल देऊं नये, आणि तुरट पाला खाणाऱ्या जनावराच्या बाबतींत तर मुळींच देऊं नये. खोटी साक्ष ओळखूं येणें हीहि ज्ञानांतली भरच होय.

चाऱ्याचा कस कळला नाहीं तरी निदान चाऱ्याचें नांव कळावें, म्हणून कांहीं संशोधक सूक्ष्मदर्शक यंत्राकडे वळले. पानाच्या वरच्या पातळ त्वचेवर मेणासारख्या द्रव्याचा लेप असतो; तो पचत नाहीं. त्या त्वचेवरील पेशींची ठेवण, श्वासरंध्रें आणि केंस यांची आकृति दर वनस्पतींत निराळी असते, जशी दर मनुष्याच्या अंगठ्याची निराळी. बाउमगार्टनर व मार्टिन यांनीं १९३९ सालीं खारींच्या आहाराचा शोध घेतांना वनस्पतींच्या या अंगठ्यांचा उपयोग केला. पुढें १९६८ सालीं स्पार्क्स व मालेचेक यांनीं यंत्राखालीं दिसणाऱ्या तुकड्यांच्या संख्येवरून आहारांतील प्रत्येक वनस्पतीचें वजन कसें काढावें याची रीति घालून दिली. हें काम डोळ्यांचें पाणी काढणारें आहे. आधीं त्या रानांतील सर्व वनस्पतींच्या त्वचेचा संग्रह करावयाचा, मग लेंडी कुटून, धुऊन, कांचेवर पसरून शेंकडों तुकडे एकेक ओळखावयाचे. शिवाय या साक्षीदारालाहि एक खोड आहे. कोवळें, रसाळ पान अगदीं विरघळून जातें आणि जाडें, चिवट पान टिकतें. त्यामुळें शेळीनें आवडीनें खाल्लेल्या पुष्कळ गोष्टी तो विसरतो आणि नाइलाजानें खाल्लेल्या तेवढ्या लक्षांत ठेवतो.

याहून थेट मार्ग नव्हता असें नाहीं. १९५४ सालीं कॅलिफोर्नियांत टोरेल यानें जनावराच्या अन्ननलिकेला छिद्र पाडून, गिळलेला घांस कोठ्यांत जाण्यापूर्वींच गळ्याखालच्या पिशवींत गोळा करण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. टेक्सासमध्यें मालेचेक व लाइनवेबर यांनीं हलकी व जड चराई झालेल्या रानांत शेळी काय निवडते याचा जो अभ्यास १९७२ सालीं प्रसिद्ध केला, तो याच मार्गानें. पुरावा खात्रीचा, पण किंमत जबर. थोड्याच जनावरांवर ती शस्त्रक्रिया करतां येते, त्यांची जखम जन्मभर सांभाळावी लागते, आणि गरीब शेळकऱ्याच्या एकुलत्या शेळीवर तर असा प्रयोग करण्याची कल्पनाहि कोणी करणार नाहीं. जनावराला न दुखवितां तीच माहिती मिळविणें हा प्रश्न म्हणून अधिकच निकडीचा झाला.

स्कॉटलंडमध्यें मेझ व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं पानांवरील मेणाचाच उपयोग केला. त्या मेणांत कर्बाच्या अणूंच्या लांब सांखळ्या असतात, आणि नैसर्गिक मेणांत या अणूंची संख्या बहुतेक विषम असते. समसंख्येच्या सांखळीचें ठराविक मेण जनावराला रोज मोजून चारावयाचें आणि शेणांत दोहोंचें प्रमाण पाहावयाचें. त्यावरून जनावरानें किती खाल्लें हें निघतें. गवळ्यानें दुधांत किती पाणी घातलें हें ओळखण्यासाठीं त्या पाण्यांत आधींच आपण मोजून रंग टाकून ठेवावा, त्यासारखीच ही शक्कल आहे.

परंतु खरी क्रांति झाली ती प्रकाशाच्या साहाय्यानें. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें सूर्यप्रकाशाचें लोलकानें पृथक्करण करून प्रत्येक रंगांत उष्णतामापक धरला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें, पारा सर्वांत अधिक चढला. हे अवरक्त किरण. विसाव्या शतकांत अमेरिकेच्या कृषिखात्यांतील कार्ल नॉरिस यानें धान्यांतील ओलावा मोजण्यासाठीं त्यांचा उपयोग केला, आणि १९७६ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं चाऱ्याचा कस त्याच किरणांनीं ओळखतां येतो असें दाखविलें. प्रथिन, चोथा, पाणी हीं द्रव्यें सुमारें ११०० ते २५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींपैकीं आपापल्या ठराविक लहरी शोषून घेतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग. परत आलेला प्रकाश तपासला कीं कोणतें द्रव्य किती हें कळतें. तेव्हां जो किरण चाऱ्याची परीक्षा करतो, त्यानें शेणाची परीक्षा करून चाऱ्याचा अंदाज कां करूं नये, असा विचार टेक्सासमधील लायन्स व स्टथ यांच्या मनांत आला. गाईंसाठीं बसविलेलीं समीकरणें त्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि १९९५ सालीं लेइते व स्टथ यांनीं मोकळ्या रानांत चरणाऱ्या शेळ्यांसाठीं तशींच समीकरणें दिलीं.

याची कृति समजून घेण्यासारखी आहे. आधीं ज्यांचा आहार नेमका ठाऊक आहे अशा शेळ्यांच्या लेंड्या घ्यावयाच्या; त्या वाळवून, दळून त्यांवर प्रकाश टाकावयाचा; आणि अशा अनेक जोड्यांवरून, म्हणजे इकडे ठाऊक असलेला आहार आणि तिकडे लेंडीनें परत दिलेला प्रकाश यांवरून, दोहोंचें नातें सांगणारें समीकरण बसवावयाचें. एकदां तें बसलें म्हणजे अनोळखी शेळीची मूठभर लेंडी पुरते. थोड्या वेळांत तिच्या आहारांतील प्रथिन व पचणारा भाग यांचा अंदाज हातीं येतो. येथेंहि अट आहेच. ज्या रानाच्या, ज्या ऋतूच्या व ज्या जातीच्या जनावरांवरून समीकरण बसविलें, त्यांच्या कक्षेबाहेर त्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. एका पेठेंतील तराजू दुसऱ्या पेठेंत नेला तर आधीं मापें जुळवून घ्यावीं लागतात.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं पूर्व आफ्रिकेकडे पाहावें. चाऱ्यांतील प्रथिन शेंकडा सातांच्या सुमारास खालीं गेलें, कीं कोठ्यांतले सूक्ष्मजंतु उपाशी पडतात. मग रानांत वाळका चारा कितीहि असला तरी तो पचत नाहीं आणि जनावर वाळत जातें. पण हाडें दिसूं लागेपर्यंत धनगराला ही गोष्ट समजत नाहीं, आणि समजते तेव्हां बाजारांत जनावराला मोल उरलेलें नसतें. केनिया, इथिओपिया, युगांडा व टांझानिया या देशांत १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासच्या या शास्त्रज्ञांनीं तेथील लोकांच्या मदतीनें एक पूर्वसूचनेची योजना चालविली. पशुपालकांच्या कळपांतील शेणलेंड्यांची अवरक्त किरणांनीं परीक्षा, पावसाची माहिती आणि चाऱ्याच्या वाढीचें गणित यांची सांगड घालून, दुष्काळाची चाहूल कांहीं आठवडे आधीं देण्याचा तो प्रयत्न होता. कांहीं आठवडे हा काळ आम्हां शहरवासीयांस क्षुल्लक वाटेल. ज्याच्या घरीं मुलांच्या दुधाचा आधार दहा शेळ्या आहेत, त्याला तेवढ्या मुदतींत चार शेळ्या वेळेवर विकून उरलेल्या सहा जगवितां येतात.

आणि ज्या इस्राएलांत काळ्या शेळीला कायद्यानें हद्दपार केलें होतें, तेथेंच तिची साक्ष सविस्तर नोंदली गेली. १९९८ सालीं पेरेव्होलोत्स्की व सेलिगमन यांनीं, भूमध्यसागरी रानांत चराई म्हणजे नासाडी हें जुनें समीकरण उलटें करण्याची वेळ आली आहे, असें प्रतिपादन केलें. हजारों वर्षें जनावरांच्या सहवासांत वाढलेलें रान चराई थांबतांच दाट झुडपांनीं कोंदतें, असा त्यांचा मुद्दा होता. २००४ सालीं लांडाउ, ग्लासर व त्यांचे सहकारी यांनीं तेथील शेळ्यांच्या लेंड्यांची अवरक्त किरणांनीं परीक्षा करून शेळ्यांच्या आहाराचा माग कसा ठेवावा हें दाखविलें. कार्मेल पर्वताच्या दक्षिण टोंकाशीं चाललेल्या पुढील अभ्यासांत असेंहि दिसून आलें, कीं जिच्यापासून रुमी मस्तकी मिळते त्या जातीचें तुरट झुडूप सर्व शेळ्या सारखें खात नाहींत. शेळीची जात कोणती आणि तिला आईकडून कोणतें वळण मिळालें यांवर तें अवलंबून असतें. म्हणजे 'शेळी रान खाते' या एका वाक्याच्या जागीं कोणती शेळी, कोणतें झुडूप, कोणत्या ऋतूंत व किती, असे चार प्रश्न उभे राहिले. २०१० च्या डिसेंबरांत कार्मेलवर वणवा पेटून ४४ माणसें दगावलीं. २०१६ सालीं पुन्हां मोठे वणवे लागले. वाळकें झुडूप खाऊन कमी करणारें जनावर आपणच हांकून दिलें, ही गोष्ट तेव्हां लोकांच्या ध्यानांत आली, आणि त्यानंतर १९५० चा तो कायदा रद्द करण्यांत आला. हा बदल केवळ लेंड्यांच्या परीक्षेनें घडला असें आम्ही म्हणत नाहीं; आग ही शास्त्रापेक्षां फार मोठ्यानें बोलते. परंतु शेळ्या परत आणावयाच्या तर किती, कोठें व कोणत्या, हें ठरविण्यास त्या परीक्षेवांचून गत्यंतर नाहीं.

अलीकडे आणखी एक साक्षीदार पुढें आला आहे. शेणांत वनस्पतींच्या हरितकणांतील आनुवंशिक द्रव्याचे बारीक तुकडे शिल्लक राहतात. ग्रेनोबलच्या ताबर्ले व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं त्यांपैकीं एक लहानसा तुकडा वनस्पतींची नांवें ओळखण्यास कसा पुरतो हें दाखवून दिलें. सूक्ष्मदर्शकापुढें डोळे शिणविणाऱ्याला जें दिसत नाहीं, त्या विरघळून गेलेल्या कोवळ्या पानाचेंहि नांव या रीतीनें कळतें. प्रमाण मात्र तिच्यानें तितकें खात्रीलायक सांगवत नाहीं. तेव्हां नांवें एकाकडून, वजन दुसऱ्याकडून, कस तिसऱ्याकडून, अशी साक्ष जुळवून घ्यावी लागते. आणि न्यायालयांत तरी याहून निराळें काय घडतें?

या इतिहासावरून शेळी निर्दोष ठरते असें कोणीं समजूं नये. नव्या लागवडीच्या रोपांत तिला मोकळें सोडलें तर ती शेंडे खुडणारच, आणि सेंट हेलेनाची गोष्ट खोटी नाहीं. पण गुन्हा जागेवर, संख्येवर आणि ऋतूवर अवलंबून असेल, तर शिक्षाहि त्याच बेतानें ठरली पाहिजे. सरसकट बंदी ही न्यायाची सोपी रीत आहे, आणि तिचा बोजा बहुधा ज्याच्याजवळ दुसरें जनावर नाहीं त्याच्यावरच पडतो. शेळीला गरिबाची गाय म्हणतात तें उगाच नव्हे. आपल्या महाराष्ट्रांत कमी पावसाच्या मुलखांत उस्मानाबादी व संगमनेरी शेळ्यांवर किती घरांची मीठभाकर चालते हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. त्या शेळ्या बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या व हिवराच्या पाल्यावर दिवस काढतात. तुरट पाल्याचा जो घोटाळा वर सांगितला, तो येथेंहि आहेच. म्हणून येथील लेंड्यांचें समीकरण येथील बाभळींवर आणि येथील शेळ्यांवरच बसवावें लागेल. टेक्सासच्या रानांत बसविलेलें समीकरण आणून संगमनेरच्या शेळीला लावणें म्हणजे पुन्हां उंटावरच चढून बसणें होय.

शास्त्राच्या इतिहासांत मोठमोठ्या दुर्बिणी आणि ग्रहगोल यांच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या मुलांना अवश्य सांगाव्या. त्यांच्या जोडीला हीहि एक सांगण्यासारखी आहे. पायाखालीं पडलेल्या, कोणीं ढुंकूनहि न पाहिलेल्या वस्तूकडे कांहीं माणसांनीं वाकून पाहिलें, ती कोठें खरें सांगते आणि कोठें फसवते याची शंभर-सव्वाशें वर्षें चिकाटीनें छाननी केली, आणि ज्या मुक्या जनावराविरुद्ध एकतर्फी निकाल लागला होता त्याची बाजू कागदावर आणली. यापुढें रानांत शेळ्यांना मज्जाव करणारा फलक लावण्यापूर्वीं तेथील मूठभर लेंड्या तपासून घ्याव्या, एवढीच आमची सूचना आहे. त्याला खर्च थोडा लागतो, आणि एखाद्या घरचें दूध त्यामुळें वांचूं शकतें.